तळ्याचा फिल्टर कोणी धुवायचा याबाबत

मी, नात्सुए होरिगोमे, वय सेहेचाळीस, राहणार यामातो-कोरियामा, हे स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. सोमवारी डॉक्टर ते उघडणार आहेत, म्हणून आजच लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. फक्त धाकटा भाऊ तेरुहिको संध्याकाळच्या गाडीने येतो आहे, त्याच्या आत हे पुरे व्हायला हवे. ज्यांना घर मिळायचे त्यांनी खोलीत नसावे, म्हणून सासूबाईंना परसात बसवले आहे. दोन्ही साक्षीदार माझ्यासमोर चहा पीत आहेत.

१. घर. पतीच्या निधनानंतर सासूबाईंनी "म्हातारीला कागद कशाला?" म्हणत आपला हिस्सा सोडला आणि घर माझ्या एकटीच्या नावावर झाले. मला मूल नाही, आईवडीलही हयात नाहीत. मी काही न लिहिता गेले, तर घर कायद्याने तेरुहिकोला जाईल. तो परवा फोनवर म्हणाला, "ताई, म्हातारी वृद्धाश्रमात मजेत राहील गं. आणि ते डबकं बुजवलं की दोन गाड्या आरामात लागतील." सबब घर, परस, तळे आणि माझी बचत मी सासूबाई किकुनो होरिगोमे यांना देत आहे. तेरुहिकोला बाबांचे घड्याळ, आणि त्याने आणलेला महागड्या फिल्टरचा कॅटलॉग परत.

२. फिल्टर. दुकानातला तो मोठा फिल्टर कोणी घेऊ नये. वीज खातो आणि दर हंगामात आतला माल नवा मागतो. आपल्या सोनमाशांना लोणच्याचे जुने पिंप पुरते: तळाशी कालवांचे शिंपले, वर वाळलेल्या घोसाळ्यांच्या जाळ्या. विकतचा फक्त छोटा पंप. तो बिघडल्यास, तळ्याचे सगळे पाणी दोन तासांत एकदा फिरवील असा साधाच आणावा. पिंप सासूबाईंचे. "मुळ्याचं पिंप, आणि माशांच्या घाणीला!" हे मी वर्षभर ऐकले आहे.

३. देखभाल. गेल्या उन्हाळ्यात मी तपासण्यांसाठी इस्पितळात असताना सासूबाईंनी ते पिंप नळाखाली घासून लख्ख केले. पाणी शुद्ध राखणारे जीव त्या बुळबुळीत थरातच राहतात. नळाच्या पाण्यातल्या औषधाने ते मेले, आणि पाठोपाठ बहुतेक मासे. "बुळबुळीत होतं, धुतलं. घाण ठेवायची का घरात?" एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही जेवताना 'वाढू?' आणि 'पुरे' इतकेच बोलतो. सबब पिंपाची देखभाल शेजारचे मासेपालक आणि आजचे एक साक्षीदार हाझामा यांनी करावी. सासूबाईंनी त्याला हात लावू नये.

४. कोंड्याचे मडके. हे सासूबाईंचेच, त्यांच्या सासूकडून आलेले. त्यातल्या आंबवलेल्या तांदळाच्या कोंड्यात भाज्या मुरतात. रोज हाताने ढवळायचे, कधीच धुवायचे नाही. "तुझा हात थंड आहे" म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी मला त्यात बोट घालू दिले नाही. ही माझी तक्रार येथे नोंदवते.

इथवर लिहिले आणि परसात नळ सुटला. खिडकीतून पाहिले, तर पिंपाचे झाकण बाजूला, आणि घोसाळ्याची जाळी सासूबाईंच्या हातात. मी खिडकीतूनच ओरडले.

"आई, नको! धुऊ नका!"

"ओरडू नकोस, डोकं सांभाळ. बादली धुतेय मी."

त्यांनी नळ बंद केला. तळ्यातलेच पाणी बादलीत घेतले, जाळी त्यात बुडवून हलकेच पिळली आणि बोटांचा वास घेतला.

"माझ्या मडक्यासारखाच वास आहे. हे विरजण आहे, हे तेव्हाच सांगायचं होतंस, बाई. तू नुसती तोंड पाडून बसलीस. शेवटी हाझामाला विचारावं लागलं."

हाझामा कपात पाहू लागले.

"आणि तुझं लिहून झालं की स्वयंपाकघरात ये. मडक्यात हात घाल. थंड तर थंड. माझ्यामागे कोण ढवळणार ते?"

"आई, आधी सोमवार जाऊ दे."

"मग मंगळवारपासून मी ढवळीन, तू घरी येईपर्यंत. त्यापुढे तू."

५. दुरुस्ती. कलम ३ मधली शेवटची दोन वाक्ये मी खोडली आहेत. समासात माझा शिक्का आहे. पिंप सासूबाईंकडेच राहील. कलम ४ मधली तक्रार मागे घेते.

वरील सर्व मी वाचून दाखवले. आता हात धुऊन स्वयंपाकघरात मडक्याकडे जाते आहे.

स्थळ: यामातो-कोरियामा
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२३

सही व शिक्का: नात्सुए होरिगोमे

साक्षीदार:
रोकुरो हाझामा, मासेपालक
सेत्सुको उकाई, निवृत्त शिक्षिका