मोहीमप्रमुखाची कंबर

२ ऑगस्ट, रविवार
ठरलं. सप्टेंबरात, पानं पिवळी पडायला लागली की, मोटरसायकलवरून डोंगर. लांबचा दौरा. मी आणि माझा जुना मित्र दाढी. (दाढीने दाढी काढून जमाना झाला, पण आता त्याला दुसरं काय म्हणणार?) ऑक्टोबरात तो कायमचा मुलीकडे चाललाय, समुद्रापलीकडे. म्हणाला, आत्ता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, 'कधीच नाही' हे शब्द मला माहीत नाहीत.
मोहीमप्रमुख मी. तसं कुणी म्हटलं नाही, पण नकाशा माझ्याकडे आहे.
उद्यापासून पहाटे व्यायाम.

३ ऑगस्ट, सोमवार
व्यायाम उद्यापासून. सोमवारी लिफ्ट फार अडकतात आणि आमच्या कंपनीत तक्रारींचा फोन माझ्या टेबलावर. अडकलेला माणूस ओरडतो. मी सांगतो, घाबरू नका, शांत बसा, आमचा माणूस निघालाय. आमचा माणूस त्या वेळी बहुधा डबा उघडत असतो. इतकी वर्षं परक्या माणसांना धीर देतोय. डोंगर म्हणजे काय मोठी गोष्ट!
संध्याकाळी मात्र अंग असं आंबतं की बूट काढायलाही वाकवत नाही. बूट घालूनच सोफ्यावर पडलो. बायकोने काढले.

८ ऑगस्ट, शनिवार
गाडी बाहेर काढली. तळघरातल्या पार्किंगमध्ये तिच्या कव्हरवर शेजाऱ्यांनी दोन सायकली, एक पाळणा आणि कुणाचा तरी गुंडाळलेला गालिचा ठेवला होता. लोकांना दुसऱ्याच्या स्वप्नांची कदर नाही. किक मारल्या. गाडी ढिम्म. बायकोने मागून ढकललं. मी हँडल धरून दिशा दिली.
मेकॅनिक म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, वापरलंच नाही तर बिघडणार कसं? गाडीभोवती एक चक्कर मारली, मग माझ्याभोवती. वय किती, विचारलं. म्हटलं, गाडीचं? नाही म्हणाला.
आगाऊ आहे.

१६ ऑगस्ट, रविवार
आमच्या घरी प्लॅनिंग मीटिंग. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. दाढीचं प्लॅनिंग म्हणजे 'निघू, संध्याकाळ होईल तिथे थांबू.' अशाने मोहिमा होत नसतात. मी सहा रंगांची पेनं आणली होती.
बायको शाळेत भूगोल शिकवते. चहा ठेवता ठेवता म्हणाली, अहो, हा उतार उत्तरेकडचा आहे, सकाळी रस्त्यावर बर्फ असणार. अलीकडच्या खिंडीने जा, ती कमी उंचीची आहे. मी हसलो. फळ्यावरचा डोंगर वेगळा, खरा वेगळा. तिने तरी खरा कुठे पाहिलाय? दाढीने मात्र तिचा रस्ता एका कागदावर पेन्सिलीने काढून घेतला. तिला वाईट वाटू नये म्हणून असेल.
नंतर भांडी विसळताना तिने विचारलं, मी मागे बसून आले तर? समजावलं की मागे तंबू बांधायचाय. तंबू कुठाय, म्हणाली. म्हटलं, घ्यायचाय. "बरं," म्हणाली.
तिच्या 'बरं'मध्ये काही नसतं.

२३ ऑगस्ट, रविवार
रायडिंग जॅकेट आलं. खांद्याला, कोपराला, पाठीला पॅड. घालून घरात वावरलो, सवय व्हावी म्हणून. हात कोपरात वाकत नाहीत. चहा बायकोला धरावा लागला. दाढी जुना कोट घालून येणार आहे. त्याला सांगून थकलो.
व्यायामाबद्दल: अतिश्रमाने आयत्या वेळी दुखापत होते, असं कुठेतरी वाचलंय. त्यामुळे शरीर राखून ठेवतोय.

२७ ऑगस्ट, गुरुवार
रजेचा अर्ज दिला. साहेब नाही म्हणणार याची खात्री होती. दाढीला तसं सांगूनही ठेवलं होतं की बाबा रे, माझ्यावाचून ऑफिस अडतं. साहेबांनी अर्ज वाचायच्या आधीच सही केली. म्हणाले, सावकाश या, घाई नको. म्हटलं, माझं टेबल? म्हणाले, रेकॉर्डिंग करून ठेवू.
दुपारी खरंच माझा आवाज रेकॉर्ड केला. "घाबरू नका, शांत बसा, आमचा माणूस निघालाय." पहिल्यांदा मागे पंखा वाजला. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, आवाज फार दमलेला येतोय. तिसऱ्यांदा म्हणाले, राहू दे, दमलेलाच ठेवा, खरा वाटतो.
घरी फोन वाजला तो बायकोला घ्यायला लावला.

५ सप्टेंबर, शनिवार
आज निघायचं होतं. सकाळी दोन शिंका आल्या. डोंगरात सर्दीचं काय होतं ते मला ठाऊक आहे. दाढी सामान बांधून, हेल्मेट काखेत घेऊन दारात. त्याला परिस्थिती समजावली. तो चहा प्यायला, म्हणाला, हरकत नाही, पुढच्या शनिवारी.
तो गेल्यावर शिंका थांबल्या. विश्रांतीचा परिणाम.

१२ सप्टेंबर, शनिवार
ढग. बायको म्हणाली, हे असले ढग पाऊस देत नाहीत. म्हणाली म्हणून काय झालं?
दाढीने या वेळी हेल्मेट काढलंच नाही. काच वर करून म्हणाला, "अरे, तुला नसेल यायचं तर सांग. मी रागावणार नाही."
"यायचंय ना! माझ्याशिवाय तू रस्ता चुकशील."
"मग काय अडलंय?"
ढग दाखवले. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "मी तिकडे गेल्यावर तुला पत्र टाकायचं की काय मी? 'आपण गेलो असतो तर' असं?"
मी चिडलो. मित्रावर विश्वास नाही, वगैरे बरंच बोललो. तो गेला. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत ऐकत उभा होतो.
खरं म्हणजे मी दमलोय. कशाने ते कळत नाही. नुसतं बसून फोन तर उचलतो.
बायको म्हणाली, "अहो, एकदा जाऊन या. नाही जमलं तर नाही जमलं."
मी फोन करून दाढीला सांगितलं, शनिवारी निघतोय, तू तयार राहा.

१९ सप्टेंबर, शनिवार, सकाळ
निघालो! पेट्रोल पंपावर थांबलोय. इथे एक किरकोळ गोष्ट झाली. गाडी पडली. चालू नव्हती, उभीच होती, मी तिच्यावर बसलो होतो. ती डावीकडे कलायला लागली आणि मी तिला तिच्या मनाप्रमाणे जाऊ दिलं. अशा वेळी विरोध करायचा नसतो. मग मीही हळूहळू आडवा झालो. पंपावरच्या बाईने विचारलं, काका, लागलं का? जॅकेटमुळे लागलं नाही. उठताही येईना.
दाढीने उचललं. हसला नाही. त्यापेक्षा हसला असता तर बरं.

संध्याकाळ
डोंगराच्या पायथ्याशी एक लहान हॉटेल. पोचलो हे महत्त्वाचं. उतरताना कंबर धरली. म्हणजे उतरलो असं नाही. दाढी आणि हॉटेलवाल्याने मला गाडीवरून अलगद काढलं. पाय मात्र फाकलेलेच राहिले. जिना तसाच चढलो, दोघांच्या खांद्यांवर. हॉटेलवाला म्हणाला, बाजूला घ्या, बाजूला घ्या. जसं कपाट नेतोय.

२० सप्टेंबर, रविवार
उठता येत नाही. डॉक्टर आले, पाठीवर दोन बोटं दाबली. मी ओरडलो. ते म्हणाले, पडून राहा. गाडी? डॉक्टर म्हणाले, ट्रकमध्ये घालून न्या.
दाढी खुर्चीत बसून होता, दुपारपर्यंत. खिडकीतून डोंगर दिसत होता आणि तो मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसला होता. शेवटी मीच म्हटलं, "तू जा."
"आणि तू?"
"मी बेस कॅम्प सांभाळतो. कुणीतरी सांभाळायलाच लागतो."
"अरे, राहू दे. आपण इथेच बसू. गप्पा मारू."
"दाढ्या, तू गेला नाहीस ना, तर मी आयुष्यभर तुझं तोंड बघणार नाही."
तसंही बघायला मिळणार नाहीच आहे. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तो उठला, माझ्या पायावरची चादर नीट केली आणि गेला. पेन्सिलीचा नकाशा घेऊन गेला. सहा रंगांचा माझ्याजवळ आहे.

२१ सप्टेंबर, सोमवार
दाढीचा खिंडीतून फोन. वाऱ्यामुळे एक अक्षर कळलं नाही. मी सूचना दिल्या.
दुपारच्या बसने बायको आली. शाळेतून रजा काढून, कमरेचा पट्टा घेऊन. माझ्याकडे यायच्या आधी खिडकीकडे गेली. पडदा पूर्ण बाजूला केला. मी दोनदा कण्हलो. मग म्हणाली, "इतका मोठा असतो?"
म्हटलं, दुखणं ना? खूप मोठं आहे.

२२ सप्टेंबर, मंगळवार
दाढी खाली आला, मला बघायला. चेहरा उन्हाने भाजलेला, दहा वर्षांनी लहान दिसत होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग बायकोला म्हणाला, "वहिनी, उद्या येता का वर? मागची सीट रिकामीच आहे."
तिने माझ्याकडे पाहिलं. प्रमुख या नात्याने मी परवानगी दिली. खरं तर तिने विचारलं नव्हतं. माझी औषधं कुठे ठेवली आहेत एवढंच सांगितलं.

२३ सप्टेंबर, बुधवार
माझं जॅकेट तिला चांगलं बसलं. हात कोपरात वाकत होते.
खिडकीतून पाहिलं. गाडी वळणावर दिसायची, झाडांत जायची, पुन्हा वरच्या वळणावर दिसायची, आणखी लहान. मागे बसलेली व्यक्ती हात लांब करून कुठेतरी काहीतरी दाखवत होती. मग दिसेनाशी झाली. मी तरी पाहत राहिलो. कंबर दुखत होती म्हणून वळता येत नव्हतं.
संध्याकाळी आली. ओठ फुटलेले, केस विस्कटलेले. पलंगाच्या कडेला जॅकेट घालूनच बसली. म्हणाली, "मुलांना मी इतकी वर्षं अर्धंच शिकवलं हो. खिंडीत आवाज असतो. वाऱ्याचा. एकसारखा. पुस्तकात तो नाहीच."
मी म्हटलं, थंडी होती का?
म्हणाली, "होती." मग जॅकेटची चेन उघडत, "उद्या पलीकडची खिंड आहे. रात्री तिकडेच मुक्काम करावा लागेल, दाढीभावजी म्हणतात. तुम्ही राहाल एकटे?"
मी "बरं" म्हटलं. माझ्या 'बरं'मध्ये बरंच काही होतं, पण ती बूट काढत होती.
तिचे बूट मी काढले असते. वाकता आलं असतं तर.

२५ सप्टेंबर, शुक्रवार
आज काठी धरून खाली जेवणघरापर्यंत गेलो. मोठी सुधारणा. तिथे मोटरसायकलवाल्या तरुणांचा एक घोळका उतरला होता, धुळीने माखलेला, मोठमोठ्याने बोलणारा. अनुभवी माणसाचा उपयोग व्हावा म्हणून मी माझा नकाशा उघडून टेबलावर पसरला आणि घसा खाकरला. कुठून आलात, विचारलं. म्हणाले, पलीकडच्या खिंडीतून. मी म्हटलं, उत्तरेकडचा उतार, सकाळी बर्फ असतो, जपून जायला हवं.
त्यातली एक मुलगी म्हणाली, हो ना, तिथे एक बाई भेटल्या, त्यांनीच अडवलं आम्हाला, ऊन वर येईपर्यंत थांबा म्हणाल्या. मग तिथेच उभं राहून डोंगर कसा तयार होतो ते सांगितलं. आम्ही सगळे गाड्या बंद करून ऐकत बसलो. कसल्या भारी आहेत!
हॉटेलवाल्याने लांबूनच माझ्याकडे बोट केलं.
मुलगी उठून जवळ आली. "काका, तुम्ही त्यांचे मिस्टर का?"
हो म्हटलं.
मग त्यांनी सगळ्यांनी मिळून मला भिंतीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं, आणि एकाने आपली बॅग उघडून पाठीमागे ठेवायला उशी दिली.
उशी मऊ होती.