एका दाढेसाठी चार खेपा

४ फेब्रु. १९७४
मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही, बोलणं येतं. आज तेही जड. डावी दाढ ठणकतेय. दात उरलेत अकरा, पण वरखाली जुळणारी जोडी ही एकच. ही गेली की भाकरी बंद, पेज सुरू. लेक दत्तू म्हणाला, "आये, काढून टाक. कवळी बसवू." म्हटलं, "कवळीची वाटी तुझी बायकू घासंल व्हय रं?" सुनेनं पातेलं आपटलं. तेही लिही.

६ फेब्रु.
किडं काढणारी बाई आली. रिंगणीच्या बियांचा धूर नळीतनं दाढेला दिला. ताटातल्या पाण्यात तीन किडे पाडून दाखवले. दुपारपर्यंत बरं. मग गाल पुरीसारखा फुगला.

८ फेब्रु., शुक्र.
एस.टी.नं सांगली, विश्रामबाग. दाताचा डॉक्टर अगदी पोरगेला. दाढ ठोकली, मी त्याचा हात धरला.
"आजी, दाढ वाचेल. आतली सडलेली शीर काढू, मुळं धुऊ, भरू. रूट कॅनाल म्हणतात. चार खेपा. आणि मिशरी बंद."
मिशरी सोडून बाकी कबूल केलं. सुईवर शीर काढून दाखवली. दोऱ्याएवढी. किडा नव्हताच.
"मग त्या बाईनं पाडलेले तीन?"
"तिच्या नळीतले, आजी."
वर कच्चं सिमेंट. या बाजूनं खायचं नाही. पुढच्या शुक्रवारी परत.

११ फेब्रु.
दुखणं गेलं. मिशरी अर्धं बोट. लिहू नको म्हटलं तरी कार्टीनं लिहिलं.

१५ फेब्रु.
आज दुसरी खेप. गेले नाही. दुखतच नाही तर डॉक्टराला सांगू काय? त्यात आपलं गुऱ्हाळ लागलंय. जावेनं उसाचं कांडं सोलून हातात दिलं. डावीकडनं चावलं. चोथ्याबरोबर सिमेंटही थुंकलं.

१८ फेब्रु.
गाल परत तसाच. दत्तूनं उचलून एस.टी.त बसवलं.
"आजी, दुखायचं थांबलं म्हणजे काम संपलं नाही."
"आमच्यात दुखायचं थांबलं की दवाखाना संपतो, डाक्टर."
पुन्हा धुणं, पुन्हा कच्चं सिमेंट. ऊस खाल्ला तर दाढ काढून हातात देईन म्हणाला.

२५ फेब्रु.
तिसरी खेप. तासभर तोंड उघडं. सून म्हणे, एवढा वेळ न बोलता पहिल्यांदाच.

४ मार्च
पक्कं भरलं. डॉक्टर म्हणाला, "दाढ आता मेली. दुखणार नाही, काम मात्र करील." म्हटलं, "आमच्या घरात जित्ती करत न्हाईत, ही मेलेली करणार?" हसला. मग म्हणाला, ठिसूळ झालीय, महिन्याच्या आत वर टोपी बसवा, नाहीतर एक दिवस फुटेल. फुटली तरी कळायचं नाही.

२९ मार्च
भाकरी डावीकडनं चालू आहे, पापुद्र्यासकट. दत्तू रोज विचारतो, "आये, टोपीचं कवा?" मी म्हणते, उद्या. दुखली असती तर आपण होऊन एस.टी. धरली असती. ही काही बोलतच नाही.
आज जेवताना आत कुट्ट वाजलं. खडा असेल म्हटलं. घास चिवडून पाहिला, खडा नाही. सून म्हणाली, "आत्याबाई, माझ्या पिठात कवा खडा निघालाय?"
नाही निघाला. वीस वर्षांत एकदाही नाही.
तिचं पीठ चाळत बसलेय. एक तरी निघू दे.