तिसरी चित्रफीत

४ नोव्हेंबर, मंगळवार. डमडम.

सागवानी मांडणी, लंबकाचं घड्याळ, इन्व्हर्टर आणि पापड लाटायचं यंत्र (दोन पितळी रूळ, मोटर जुन्या वॉशिंग मशीनची) हे सगळं मी माझ्या हातांनी केलेलं. पुण्याहून ट्रकनं आलं, पण एक स्क्रू ढिला झाला नाही. बायकोची, लीनाची, बँकेतली बदली हे निमित्त. ती म्हणाली, माशांच्या गावात तुझे पापड कोण खाणार. मी म्हटलं, मासे खाणारेच खातील. घर हवेशीर आहे. परवापासून मलाही काम.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एस्प्लनेडजवळची जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, तिसरा मजला. शल्यचिकित्सेच्या एका त्रैमासिकाची कचेरी. लेखांसोबतच्या चित्रफिती वाचकांना संकेतस्थळावर नीट उघडता याव्यात, हे माझं काम. छापील पानावरचा कोड मोबाइलनं टिपायचा, आपलं नाव घालायचं, की चित्रफीत सुरू. संपादक डॉ. लाहिरींनी विचारलं, दिगंबरबाबू, हे शिकलात कुठे. मी म्हटलं, कुठेच नाही. ते हसले. हसू देत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाहणाऱ्याचं नाव चित्रावर उमटलंच पाहिजे, म्हणजे कुणी चोरून वापरत नाही. रुग्णाचं नाव मात्र झाकायचं. बाकीचे पाहणाऱ्याचं नाव कोपऱ्यात चिकटवतात. चित्र घाण होतं. चिरडलेल्या हातांवरच्या लेखासोबतची तिसरी चित्रफीत बजबजच्या एका ताग गिरणीतल्या कॅमेऱ्यानं टिपलेली आहे. कामगाराची बाही रुळांत अडकते. आधी करंगळी जाते, मग एकेक बोट, मग मनगट. माणूस वाचला नाही. त्याच्या छातीवरची नावाची पट्टी काळी केलेली होती. पाहणाऱ्याचं नाव मी नेमकं त्या पट्टीत बसवलं. चित्र स्वच्छ राहिलं.

नाव घातलं की चित्रफीत आपोआप सुरू होते आणि संपेपर्यंत थांबत नाही. अर्धवट बघणारे मला आवडत नाहीत. माझं नाव घातल्याशिवाय कुणाला त्यात काडीचा बदल करता येणार नाही, असं कुलूपही घातलं. चाचणी नुसत्या ‘वाचक’ या नावानं घेतली. उत्तम.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉ. लाहिरींनी आणि मुद्रितं तपासणाऱ्या मीनाक्षी सेन यांनी आपापल्या नावानं ती तिसरी चित्रफीत पाहिली. लाहिरी घामाघूम. म्हणाले, त्या कामगारानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, नाव कोपऱ्यात घ्या. मी म्हटलं, जागा बरोबर आहे. मग म्हणाले, एवढे पैसे घ्या, कुलूप दुसऱ्याच्या हाती द्या आणि घरी आराम करा. आकडा लिहीत नाही. अपमान टिपून ठेवायची मला सवय नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लाहिरी गेले. मी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहत होतो. ते लिफ्टमधून वर येत होते, त्यांची बाही जाळीत अडकली आणि लिफ्ट वर येत राहिली. करंगळी. मग एकेक बोट. मग मनगट, आणि हाड फुटल्याचा आवाज. भिंत रक्तानं भिजली. लिफ्टवाला कळ दाबत होता, लिफ्ट थांबत नव्हती. ओरडताना ते माझ्याकडेच बघत होते.

अपघाताला क्रम नसतो. इथे होता.

१८ नोव्हेंबर

मीनाक्षीताई. फुटपाथवर, उसाच्या रसाच्या चरकात. शालीचं टोक, मग हात. रसवाला सांगत होता, चरक बंद करूनही फिरत राहिला. खालच्या भांड्यात रस लाल —

क्रम तोच.

शुक्रवारी अंक टपालात पडणार. प्रत्येक प्रतीत तो कोड. जो उघडेल, त्याचं नाव त्या पट्टीत. माझ्यामुळे.

१९ नोव्हेंबर

चित्रफीत पुसायची तर कुलूप उघडायला हवं. कुलपाला माझं खरं नाव हवं. नाव घातलं की चित्रफीत आपोआप — हाही हट्ट माझाच.

नाव घातलं. छातीवर दिगंबर. त्यानं मान वळवली. शेवटपर्यंत पाहिली, थांबवायची सोय मीच ठेवली नव्हती.

पुसली. कोड आता कोरं पान उघडतो. वाचक सुटले.

लीनाला काही सांगितलेलं नाही.

२० नोव्हेंबर

लीना बँकेत. पापडयंत्राची पिन काढली. वायर कापली. तरी रूळ फिरताहेत —

मोडून टाकतो.

नंतर

डाव्या हातानं लिहितोय. स्क्रू काढताना बाही — करंगळी गेली. दुसरं बोट — वही रक्तानं — यंत्र जराही अडखळत नाही, मी केलेलं —

लीना, आत येऊ नकोस. हात लावू नकोस ह्याला —

मनगट —

लाहिरी देत होते. नुसतं कुलूप सोडायचे पैसे. मी नको म्हटलं. दोन लाख चाळीस ह