कब्रस्तानाची वाट

३ जानेवारी २०११
झोप नाही. सकाळी लॉ कॉलेजची पोरं आली होती, लियोरा आणि विनायक. कंटेनर यार्डवाल्यांनी भिंत घालून, फाटकाला कुलूप ठोकून आमची कब्रस्तानाची वाट बंद केली, त्याचा अभ्यास करतायत. दावा लावायचाय. साक्षीला जुना माणूस हवा — म्हणजे मी! चौथीपर्यंत शिकलेला. वकिलाने उलटसुलट विचारलं तर?

४ जानेवारी
अस्माचा दमा वाढलाय. म्हणाली, "मी गेले की मला त्या ट्रेलरांमधून हायवेने नेऊ नका. आपल्या वाटेने न्या." असलं बोलू नकोस म्हटलं. तर हसली — "साक्षीला घाबरता आणि मला दटावता!"

९ जानेवारी
घोळ झाला. लियोराने विचारलं, "चाचा, पूर्वी तिथून जाताना कुणाला विचारायचात का?" मी अभिमानाने सांगितलं, दर मय्यतीला! तेव्हा यार्डाच्या जागी गंगाबाईचं शेत होतं. अदबीने विचारूनच पुढे जायचो.
विनायकने पेन खाली ठेवलं. "मेलो आपण."
विचारून गेलात तर ती मेहरबानी, न विचारता गेलात तर हक्क — असा कायदा आहे म्हणे. हा कसला कायदा! अदब नडली?
विनायक म्हणतो, विचारायचो हे सांगूच नका. शपथ घेऊन लपवू कसं?

१० जानेवारी
अस्माला काही सांगितलं नाही.

१२ जानेवारी
स्वतःच कॉलेजात गेलो. म्हटलं, खोटं बोलणार नाही, दुसरा म्हातारा शोधा.
"खोटं नकोच," लियोरा म्हणाली. "पण गंगाबाई काय म्हणायच्या, ते तर सांगा."
काय म्हणणार? दरवेळी ओरडायची — "मला काय इचारता? तुमचीच वाट हाय ती, जावा!"
लियोरा उठून उभीच राहिली. "म्हणजे मालकीणच तुमचा हक्क मानत होती! चाचा, हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"
"तू विचारलंस कुठे?"
विनायक इतका हसला! मीही.
निघताना तिने बजावलं — आता यार्डवाल्यांकडे परवानगी मागायची नाही. कुणीही, एकदाही नाही. मागितली की वाट त्यांची झाली.

२० जानेवारी
अझहरचा कुवेतहून फोन. "अब्बा, कोर्टाच्या भानगडीत पडू नका. अम्मीकडे बघा."
बघतोच आहे.

२८ जानेवारी
अस्मा गेली.
जनाजा फाटकाशी आला तेव्हा यार्डाचा मॅनेजर तिथे उभा होता. वाईट माणूस नाही. म्हणाला, "चाचा, नुसतं तोंडाने विचारा. लगेच उघडतो."
खांदा दिलेले सगळे माझ्याकडे बघत होते.
हायवेने नेलं.