'कोपरा' नावाची यंत्रणा

१२ मार्च

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण तो आता घरचाच झालाय. वहिनीने विणलेला स्वेटर ऑफिसात सगळ्यांना आवडला.

तू मागे विचारलं होतंस, "दिवसभर त्या पडद्यावर चौकोन काय काढत बसतेस?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज नीट सांगते.

अख्ख्या रुग्णालयाचा नकाशा करायचाय. इमारतीचा नाही, कामाचा. प्रत्येक कामाला एक चौकोन, आणि कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते दाखवायला बाण. सॉफ्टवेअर मोठं खाष्ट आहे. काम कोणत्या यंत्रणेवर चालतं आणि जबाबदार कोण, हे भरल्याशिवाय पुढे सरकूच देत नाही.

म्हणून वही घेऊन विभागाविभागांत फिरले. रक्त तपासणारे म्हणाले, "आधी नाव बघतो, मग कोपरा बघतो." औषधवाली म्हणाली, "कोपरा बघितल्याशिवाय मी गोळी हातात ठेवत नाही." शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरची सिस्टर तर माझ्यावरच खेकसली, "कोपरा ठाऊक नाही? किती वर्षं आहात इथे?"

मी शहाणी! यंत्रणांच्या यादीत 'कोपरा' असं नाव टाकलं आणि हे सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीचं, ते आठवडाभर शोधत बसले. खरेदी विभागाला दोन पत्रंही धाडली. हस, पोटभर हस.

शेवटी सिस्टरने एक जुनी फाइल माझ्यापुढे आपटली. वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने, तुझ्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: 'डावखुरा, बेकरीवाला. याच नावाचा दुसरा उंच आहे.' एकाच नावाच्या दोन पेशंटांची गल्लत होऊ नये म्हणून तू तीस वर्षं हे करत होतास? मला वाटायचं, तू इथल्या रेकॉर्डच्या खिडकीत बसून नुसत्या फाइली काढून देतोस.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. एखादा चौकोन पुसून टाकला तर काय काय अडेल, ते लाल होऊन दिसतं. गेल्या बुधवारी संचालकांसमोर मी कोपऱ्याचा चौकोन पुसून बघितला. भिंतभर पडदा, त्यावर नऊशे चौकोन. एकेक लाल होत गेला. रक्त, औषधं, भूल, शस्त्रक्रिया. थांबेचना. संचालक खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्या अंगावर काटा आला, दादा. एवढं मोठं रुग्णालय माझ्या दादाच्या पेन्सिलीवर चालत होतं. आणि तुझी नोकरी सुटून दोन वर्षं झाली तरी ही माणसं तुझ्याच पद्धतीने कोपरे भरताहेत, कोणी न सांगता.

संचालक म्हणाले, "हे पद आपण कमी कसं केलं?"

इथवर लिहून चहा करून आले. समोर बोलायची छाती नाही, म्हणून तर पत्र.

दादा, पदं कमी करणाऱ्या समितीत मी होते. 'फाइल काढून देण्यापलीकडे काम नाही, पद अनावश्यक' हे अहवालातलं वाक्य संचालकांचं नव्हतं. माझं होतं. तुला एका शब्दाने न विचारता लिहिलं. घरच्या माणसाला सांभाळून घेतलं असं कोणी म्हणू नये, म्हणून जरा जोरातच लिहिलं. तुला निवृत्तीच्या चार वर्षं आधी घरी बसवलं ते मी. वहिनी मला वाढताना संचालकांच्या नावाने बोटं मोडते आणि मी मुकाट्याने जेवते. बुधवारी सगळ्यांसमोर मी हे कबूल केलं. फक्त तुला सांगायचं राहिलं.

पहिल्या तारखेपासून कागद बंद होणार. कोपरा नव्या यंत्रणेत कसा न्यायचा, ते तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. संचालक स्वतः फोन करतील. त्यांना हो म्हण किंवा झापून काढ, तुझा हक्क आहे. माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव. रविवारी मी येतेय. जेवायला नाही. तिला बोटं मोडायची असतील तर खऱ्या माणसाच्या तोंडावर मोडता यावीत, म्हणून.

तुझ्याच घरात वाढून तुला न ओळखलेली,
धाकटी