निरीक्षणाचे दहा तास

६ जुलै
आजपासून रोजनिशी. याआधी तीनदा सुरू केली होती. त्या वह्यांची कोरी पानं ताईने किराण्याच्या याद्यांना वापरली. या वेळी जाड पुठ्ठ्याची वही घेतली आहे.

कारणही तसंच आहे. आजपासून मी पोस्टग्रॅज्युएट विद्यार्थी. अपंगत्व अभ्यास आणि समावेशक शिक्षण, एक वर्षाचा डिप्लोमा, खास नोकरी करणाऱ्यांसाठी, शनिवार-रविवार. वर्गात चौदा जण. एक नर्स, दोन फिजिओथेरपिस्ट, बरेचसे शिक्षक आणि एक वकील. वकीलसाहेबांना दिसत नाही, पण कोण उशिरा आलं ते पावलांवरून ओळखतात. मला पहिल्याच दिवशी ओळखलं.

ओळख करून देताना 'भूगोलाचा शिक्षक' एवढंच सांगितलं. 'हंगामी' हा शब्द गिळला. त्याआधीचा फोटो स्टुडिओ, टुरिस्ट गाड्या, सायकल दुरुस्ती, आणि बीए तीन हप्त्यांत झालं, हेही गिळलं. पोट भरलं.

७ जुलै
गाईड मॅडमनी पहिलं प्रॅक्टिकल दिलं. आपापल्या शाळेतलं एक मूल घ्यायचं. दुसऱ्या शिक्षकांच्या तासांना मागच्या बाकावर बसून, काही न बोलता, दहा तास नुसतं बघायचं. मग रिपोर्ट, शेवटी शिफारस. नुसतं बघायला दहा तास कशाला, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या की दहाव्या तासाला कळेल. गूढ बोलायची सवय दिसते.

९ जुलै
मुख्याध्यापिकाबाईंनी मूल दिलं. सहावीतली मुलगी, मी भूगोल शिकवतो त्याच वर्गातली, दुसऱ्या बाकावरची. दोन्ही कानांना मशीन आहे. तिला इथेच ठेवायचं की परगावच्या वेगळ्या शाळेत, हॉस्टेलवर पाठवायचं, याची मीटिंग ३० ऑगस्टला आहे. बाई म्हणाल्या की माझा रिपोर्ट त्या मीटिंगमध्ये समोर ठेवतील, कारण या विषयाचं शिक्षण घेणारा शाळेत मी एकटाच.

एकटाच. ताईला दोनदा सांगितलं.

मुलीची फाइलही दिली. जाड आहे. पहिलं पान वाचलं. बाकीची उद्या.

१० जुलै
संकल्प. रोज खुणांच्या भाषेचा एक तास. रोज दहा पानं वाचन. चहा दोनच वेळा. फाइल.

ताई म्हणाली की माझं कुठलंही काम पहिल्या आठवड्यात पीएचडीचं असतं आणि दुसऱ्या आठवड्यात रद्दीचं. ती स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे सांधे मोडून मोडून जीभही तशीच झाली आहे. भावजी पेपरामागे हसले. पेपर हलला म्हणून कळलं.

१५ जुलै
आज एक क्रांतिकारक विचार सुचला. दुसऱ्यांच्या तासांना बसायचं तर माझे ऑफ तास जाणार. त्यापेक्षा माझ्याच तासाला शिकवता शिकवता निरीक्षण केलं तर? एका वेळी दोन कामं. मॅडमना सांगितलं नाही. निकाल बघून त्याच खूश होतील.

पहिला तास झाला. विषय: वाळवंटं. मी नेहमीप्रमाणे खिडकीत उभा राहून शिकवतो. खिडकीतून बसथांबा दिसतो, विचारांना गती मिळते. टुरिस्ट गाडीवर असताना वाळूत चाक रुतलं होतं, तो किस्सा सांगितला. मुलं हसली. ती हसली नाही. हाक मारली, उत्तर नाही.
नोंद: प्रतिसाद नाही.

१८ जुलै
दुसरा तास. आज पक्कं पकडलं. मुलगी पूर्ण तास खिडकीकडे बघत होती. पुस्तकाकडे नाही, फळ्याकडे नाही, खिडकीकडे. मान वाकडी करून, डोळे बारीक करून.
नोंद: लक्ष बाहेर. स्वप्नाळू. भटका स्वभाव.

यातलं मला चांगलं कळतं. मीही तसाच होतो.

२२ जुलै
खुणांची भाषा जोरात. बस, ट्रक, रेल्वे, विमान, सायकल येतात. वाहनांचा धडा संपला की माणसांचा घेणार.

मधल्या सुट्टीत तिला 'बस'ची खूण करून दाखवली. तिने जरा वेळ बघितलं आणि मला पेन्सिल दिली. वर्गशिक्षिका म्हणाल्या की तिला खुणांची भाषा येतच नाही, ती बोलते. मग मशीनमुळे ऐकू येत असणार. चष्मा लावला की दिसतं, तसंच. फाइलमध्ये असेल काहीतरी.

पेन्सिल चांगली आहे.

२८ जुलै
डिप्लोमाच्या वर्गात प्रेझेंटेशन दिलं. छान झालं. मॅडमनी तासांबद्दल काही विचारण्याआधी वेळ संपली. वकीलसाहेब म्हणाले की माझा आवाज आधी काचेवर आपटतो आणि मग खोलीत येतो. एवढी दाद अजून कुणी दिली नव्हती. आवाजावर पूर्वीपासून मेहनत आहे. नर्स का हसली, कळलं नाही.

३ ऑगस्ट
निरीक्षणाचे चार तास झाले. सहा राहिले. पण शाळेच्या दारात पायरी आहे, तिथे रॅम्प हवा, हे लक्षात आल्यापासून दुसरं काही सुचत नाही. समावेशक शिक्षण म्हणजे नुसते कागद नव्हेत. प्लायवूड आणलं.

६ ऑगस्ट
रॅम्प तयार. उद्घाटन शिपाईकाकांच्या हस्ते, पाण्याच्या जारची ट्रॉली लावून. ट्रॉली वर गेली, मग काकांशिवाय खाली आली. काका म्हणाले की सायेब, ही घसरगुंडी बागेत लावा. चढ थोडा जास्त झाला. रॅम्प ताईच्या गॅलरीत.

१२ ऑगस्ट
रिपोर्ट पूर्ण. अकरा पानं. उरलेले सहा तास चार तासांवरून काढले. मूल काही रोज बदलत नाही. शास्त्रात याला काहीतरी नाव असेल.

शिफारस: 'विद्यार्थिनीचं लक्ष वर्गात टिकत नाही. मोठ्या वर्गात तिची कुचंबणा होते. वेगळ्या शाळेत वैयक्तिक लक्ष मिळाल्यास ती उमलेल.' 'उमलेल' लिहिताना मला भरून आलं. बाईंनी वाचून मान हलवली आणि म्हणाल्या की किती स्वच्छ लिहिलं आहे. एक प्रत त्यांना, एक गाईड मॅडमना, मुलीच्या फाइलच्या झेरॉक्ससकट.

१९ ऑगस्ट
मुलीची आई शाळेत आली होती. औषधाच्या दुकानात काम करते. सुट्टी नव्हती, जेवणाच्या वेळात आली. विचारत होती की सर, गणितात ती पहिली येते, मग लक्ष नाही कसं. मी म्हणालो की गणित वेगळं, भूगोलात कल्पनाशक्ती लागते. तिने विचारलं की हॉस्टेलवरून मुली घरी कधी येतात. म्हणालो, महिन्यातून एका रविवारी. ती म्हणाली की तिच्या दुकानाला रविवारी सुट्टी नसते.

मग मला धन्यवाद म्हणाली. ते का, कुणास ठाऊक. आज चहा चार वेळा झाला. बहुतेक पावसामुळे.

२४ ऑगस्ट, रात्री ८
प्रॅक्टिकलचा व्हायवा झाला. लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

मॅडमनी रिपोर्ट आधीच वाचलेला होता, समोर उघडलाही नाही. विचारलं की मुलगी दहाही तास खिडकीकडे बघत होती का. हो म्हणालो. शिक्षक कुठे उभे होते? खिडकीत, म्हणालो. शिक्षक कोण होते? मी, म्हणालो. म्हणजे ती कोणाकडे बघत होती?

मी रिपोर्टवरचं माझं नाव वाचलं.

मॅडमनी विचारलं की खिडकीत उभ्या माणसाचं तोंड समोरच्याला कसं दिसतं. मी फोटो स्टुडिओत वर्षभर काम केलं आहे. काळं दिसतं. पाठीमागून उजेड असला की चेहऱ्याच्या जागी नुसता डाग येतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगायचो.

मग विचारलं की फाइलचं चौथं पान वाचलं का.

घरी येऊन वाचलं. 'मशीन लावूनही शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत. बोलणाऱ्याचे ओठ वाचते. बोलणाऱ्याचं तोंड समोर आणि उजेडात असावं.' तीन ओळी. लाल पेनने अधोरेखित. तिच्या आईनेच केलं असणार, औषधाच्या बाटलीवर करतात तसं.

दोन महिने ती मान वाकडी करून माझं तोंड शोधत होती आणि मी लिहीत होतो, स्वप्नाळू.

२५ ऑगस्ट
उद्या सकाळी सगळ्यात आधी बाईंकडे जाऊन रिपोर्ट मागे घेणार. ठरलं. स्पष्ट शब्दांत. मॅडमनी ते माझ्यावरच सोडलं आहे.

२६ ऑगस्ट
गेलो होतो. बाई फोनवर होत्या. मग डबा खात होत्या. डबा खाणाऱ्या माणसाला असं काही सांगू नये.

२७ ऑगस्ट
तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं. कबुलीपत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. वाचल्यावर लक्षात आलं की पहिली तीन माझ्या जडणघडणीवर आहेत. पुन्हा लिहिणार.

२८ ऑगस्ट
ताईला सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल. ती इस्त्री करत होती, करतच राहिली. मग म्हणाली की बाळू, आतापर्यंत तू अर्धवट सोडलंस ते सगळं तुझं तुझं होतं. मग पुढचा शर्ट घेतला. भावजींनी पेपर खाली ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९ ऑगस्ट
आज तिच्या वर्गावर तास होता. खिडकीत गेलो नाही. फळ्यापाशी उभा राहिलो आणि बोलता येईना. मुलांना नकाशा रंगवायला दिला. तिने समुद्र हिरवा रंगवला. मला तर कुठलाच रंग सांगायचा अधिकार वाटत नव्हता.

बाई बाहेर गेल्या होत्या. पत्र खिशात. उद्या मीटिंगच्या आधी देणार.

३० ऑगस्ट, संध्याकाळ
आधी दिलं नाही. बाईंच्या केबिनपर्यंत गेलो, तर शिपाईकाकांनी खुर्च्या उचलायला लावल्या. सहा खुर्च्या लावल्या. त्यातल्या एकीवर बसलो.

बाई, वर्गशिक्षिका, बाईंनी बोलावलेल्या गाईड मॅडम, आई आणि मुलगी. मुलीला मधोमध बसवलं होतं. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे ती वळायची, चेंडूमागे वळावं तशी. तिचं लक्ष एकदाही हललं नाही. सगळ्या खोलीत तेवढी एकच लक्ष देत होती.

बाईंनी माझी शिफारस मोठ्याने वाचली. कागद तोंडासमोर धरून. मुलीने आईकडे बघितलं. आई मला म्हणाली की सर, तुम्ही तिच्याबद्दल काय लिहिलंय ते जरा तुमच्या तोंडाने तिला सांगा.

खिशात पत्र होतं, पण पत्र वाचायचं म्हणजे पुन्हा मान खाली. ते तसंच राहू दिलं. म्हणालो की मी नीट पाहिलं नाही. मुलगी म्हणाली की सर, दिसलं नाही. मी टेबलाकडे बघून बोललो होतो.

पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, हात. माझा हात तोंडावर होता.

तिसऱ्यांदा म्हणालो. सगळं. की दहा तास बसायचं होतं, मी चारच तास पाहिलं, तेही माझ्याच वर्गात, खिडकीत उभं राहून, आणि तिची फाइल वाचली नव्हती. की ती बाहेर बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. हळूहळू बोलावं लागलं. प्रत्येक शब्द सुटा. असं हळू बोललं की आपण काय बोलतोय ते आपल्यालाही ऐकू येतं. ती मध्येच म्हणाली की दहा की चार, ते कळलं नाही. मी चार बोटं दाखवली. वाहनं सोडून मला आलेली ती पहिली खूण.

मॅडम म्हणाल्या की या रिपोर्टवर निर्णय घेता येणार नाही. वर्गशिक्षिकांनी तिच्या बाकीच्या वह्या पुढे ठेवल्या. अर्ध्या तासात ठरलं. मुलगी इथेच राहणार. माझा रिपोर्ट बाईंनी मधोमध घडी घालून परत दिला, जेवणाचं पार्सल द्यावं तसा.

आई निघताना दारात थांबली. वाटलं बोलेल. तिने मुलीचं दप्तर माझ्या हातात दिलं, चप्पल घातली आणि दप्तर परत घेतलं.

३१ ऑगस्ट
प्रॅक्टिकलमध्ये नापास. पुन्हा दहा तास, मागच्या बाकावरून, दुसऱ्यांच्या वर्गात. प्रत्येक तासाची सही मॅडमना दाखवायची. डिप्लोमाच्या वर्गात सगळ्यांना कळलं आहे. नर्स हसली नाही. वकीलसाहेब म्हणाले की आज आवाज सरळ येतोय. या वेळी दाद समजलो नाही.

नोकरीचं विचारलं, बाई सत्र संपेपर्यंत म्हणाल्या. म्हणजे अजून आहे.

२ सप्टेंबर
पहिला तास. गणित. मागच्या बाकावर गुडघे मावत नाहीत. गणिताच्या बाई मुलांकडे तोंड करून बोलतात, लिहायचं असेल तेव्हा बोलणं थांबवतात. इतकंच करतात. मुलीने तासभरात सात वेळा हात वर केला. खिडकीकडे एकदाही बघितलं नाही. खिडकीकडे दोनदा मीच बघितलं. तेही लिहिलं.

घंटा झाल्यावर ती मागे आली आणि तिने विचारलं की सर आता खिडकीत उभे राहणार नाहीत का. तिच्याकडे तोंड करून नाही म्हणालो. मग मी विचारलं की दोन महिने काही कळत नव्हतं, तर कुणाला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली की तिला वाटायचं, सरांना सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटते, म्हणून ते तोंड फिरवतात. आणि लाजणाऱ्या माणसाची तक्रार कशी करायची.

लाज तेव्हा वाटत नव्हती. हे तिला सांगितलं नाही.

नऊ तास बाकी.