चेतन नुसता उभा होता तेव्हा

सौ. मंगलास,
सुरतेच्या गोडादऱ्याहून लोटूचा आशीर्वाद. पुतण्याकडे सुखरूप आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर बोललो तर इथे सगळे ऐकतात, म्हणून लिहितो.

काल पुतण्याच्या पोराचा, चेतनचा, मोठ्या सभागृहात ट्रम्पेटचा कार्यक्रम झाला. मागे साठ वादक वाजवत होते, आपला पोरगा पुढे नुसता उभा. मी आयुष्यभर वरातीत वाजवलं. ट्रम्पेट थांबला की नाचणारे थांबतात. मला वाटलं, याचा ओठ फुटला. मी ओरडलो, "वाजव रे, चेत्या!" सगळं सभागृह वळलं. त्याची वाजवायची पाळीच अजून आली नव्हती म्हणे.

मग वाजवलं मात्र असं, की मला रडू आलं.

 परतल्यावर रिक्षातून उतरताना तो म्हणाला, "आबा, पुढच्या रविवारीही आहे. याल ना?"

मनापासून विचारलं का, ते तू त्याच्याकडून काढून घे. सदरा मी आजच धुतलाय.

तुझा,
लोटू